इंग्लंडचे आठ टन आणि आपल्या चार गोण्या युरिया

थंडी पडली की शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा मजकूर फिरायला लागतो: ‘इंग्लंडचा शेतकरी गव्हाला हेक्टरी २०० किलो नत्र (नायट्रोजन) देतो आणि आठ टन काढतो. आपण १२० वर अडलोय, म्हणून दोन टनांवर आहोत. जमीन कुठलीही असो, एकरी चार गोण्या युरिया पेरतानाच टाका, मजुरीही वाचेल.’ ‘आपण’ म्हणजे महाराष्ट्र धरला, तर आकडे ढोबळमानाने बरोबर आहेत. गफलत त्या ‘म्हणून’मध्ये आहे.

तिकडचा हिवाळी गहू ऑक्टोबरात पेरतात नि ऑगस्टात कापतात. दाणा भरतो जून-जुलैत, सोळा तासांचा दिवस आणि बेताचं ऊन असताना. आपला गहू चार महिन्यांच्या आत उरकतो आणि दाणा भरताना फेब्रुवारी-मार्चचा चटका बसतो. एवढ्या मुदतीत त्याला २०० किलो नत्र पचत नाही. रान काळंभोर दिसतं, मावा येतो, आणि अवकाळीचा एक तडाखा बसला की पीक लोळतं.

‘जमीन कुठलीही असो’ हे तर इंग्लंडलाही मान्य नाही. तिथल्या रोथॅमस्टेड कृषी संशोधन केंद्राच्या ब्रॉडबॉक शेतात १८४३ पासून हिवाळी गव्हावर खतांचा प्रयोग चालू आहे. बिनखताच्या तुकड्यात हेक्टरी जेमतेम टनभर गहू होतो. पण वर्षानुवर्षं नुसतं नत्र दिलेला तुकडाही सोबत स्फुरद-पालाश (फॉस्फरस-पोटॅश) मिळालेल्यांच्या बराच मागे राहतो. तिथली शिफारसही जमीन हलकी की भारी आणि तिच्यात आधीचं नत्र किती, यावर ठरते. फारच सकस जमिनीत ती शून्याजवळ येते.

आपल्याकडची काळी जमीन बहुतेक ठिकाणी चुनखडीची, सामू (पीएच) आठच्या आसपास. ओलीवर युरिया फोकला आणि पाणी लांबलं, तर नत्र अमोनिया होऊन उडून जातं. पाणी दिलं आणि ते वाफ्यात तुंबलं, तर हवा न मिळालेले जिवाणू तेच नत्र वायू करून घालवतात. मुरमाड रानात ते पाण्याबरोबर मुळांच्या खाली उतरतं. गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, म्हणून एवढी उधळपट्टी सुचते!

मजुरीचं म्हणाल, तर पेरणीनंतर साधारण २१ दिवसांनी मुकुटमुळं फुटतात. निम्मं नत्र तेव्हासाठी राखायचं असतं. बागायती वेळेवर पेरणीला राहुरी कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी १२०:६०:४० किलो नत्र, स्फुरद, पालाश. म्हणजे एकरी ४८ किलो नत्र. डीएपी या नत्र-स्फुरदाच्या खताच्या एका पोत्यातून नऊ किलो येतं, उरलेल्याला युरियाच्या ४५ किलोच्या दोन गोण्यासुद्धा पूर्ण लागत नाहीत.

आणि पिवळा पडलेला गहू नत्राचाच भुकेला असतो असंही नाही. चुनखडीत लोह अडकतं. पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून सुरू झाला असेल तर नत्र कमी पडतंय. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, तर लोह कमी पडतंय; युरियाची गोणी फोडू नका.