टर्बो गाडीच्या प्लगचा गॅप आम्ही का कमी केला: तुमच्या एक स्टारला उत्तर

नमस्कार साहेब,

तुमची तक्रार रविवारी रात्री वाचली आणि सोमवारी सकाळी गॅरेज उघडल्यावर आधी तुमच्या गाडीचं जॉबकार्ड काढलं. वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. तीन सिलिंडरच्या टर्बो हॅचबॅकसाठी तुम्ही नवे इरिडियम स्पार्क प्लग, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारे प्लग, स्वतः आणून दिलेत. आम्ही कंपनीतून सेट होऊन आलेला गॅप, म्हणजे प्लगच्या दोन टोकांमधलं अंतर, ठोकून कमी केला, गाडी दीड तास नुसती उभी ठेवली, ६०० रुपये मजुरी घेतली आणि जुने प्लग परत दिले नाहीत. तीन आठवड्यांत गायमुखच्या चढावर गाडी झटके द्यायला लागली, चेक इंजिनचा दिवा लागला, सकाळी दोन-तीन सेल्फ मारल्याशिवाय उठेना. दुसऱ्या मेकॅनिकने प्लग काढून पाहिले आणि 'यांनी गॅप बिघडवलाय' असं सांगितलं.

जुने प्लग परत दिले नाहीत ही आमची चूकच आहे. काढलेला प्रत्येक पार्ट नव्याच्या खोक्यात घालून डिकीत ठेवायचा, ही आमच्याकडची पद्धत. त्या दिवशी ती पाळली गेली नाही. माफ करा.

दीड तास उभी ठेवली, ते इंजिन गार व्हावं म्हणून. प्लग ज्यात बसतात तो इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, ॲल्युमिनियमचं असतं. गरम हेडमधून प्लग सोडवला तर आटे मरू शकतात, आणि हेडचे आटे मेले की ६०० रुपयांचं काम हजारोंवर जातं. वागळे इस्टेटपर्यंत ट्रॅफिकमधून तापून आलेल्या गाडीला घाईत हात लावायचा नाही, हे मी पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो. पण तुम्हाला ते कुणी सांगितलं नाही. तुम्ही बाकड्यावर ताटकळत बसलात, याचं वाईट वाटतं.

आता गॅप. तुमच्या तीन प्लगपैकी दोघांचा गॅप १.१ मिलिमीटर होता आणि तिसऱ्याचा ०.९. जॉबकार्डवर लिहिलेलं आहे. एकाच नंबरचा प्लग अनेक इंजिनांना बसतो, त्यामुळे खोक्यातून निघालेला गॅप तुमच्याच इंजिनासाठी असेल असं नसतं. शिवाय कुरियरमध्ये खोकं आपटलं तरी तो हलतो. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये ०.७ ते ०.८ दिलाय. आम्ही तिन्ही ०.७ वर आणले.

टर्बोला गॅप कमी का लागतो, हे तेव्हाच तुमच्यासमोर उभं राहून सांगायला हवं होतं. ठिणगीला दोन टोकांमधल्या हवेतून उडी मारायची असते. साध्या इंजिनात ती हवा पिस्टनने दाबलेली असते. टर्बो त्याआधीच जास्त हवा कोंबतो, म्हणजे ठिणगी पडायच्या क्षणी सिलिंडरमधला दाब आणखी जास्त. दाब जितका जास्त आणि अंतर जितकं मोठं, तितके जास्त व्होल्ट कॉइलला, म्हणजे प्लगला वीज पुरवणाऱ्या पार्टला, द्यावे लागतात. सिग्नलला उभ्या गाडीत १.१ चा गॅपही काही त्रास देणार नाही. पण घाटात तिसऱ्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर पाय दाबलात, टर्बोचा पूर्ण दाब (बूस्ट) आला, की तिथेच ठिणगी चुकते आणि रोज असा ताण सोसून कॉइलही जाते. म्हणून गॅप कमी करणं बरोबर होतं, आणि उद्या पुन्हा अशी गाडी आली तरी मी तेच करेन.

ठोकून मात्र केलेला नाही. इरिडियमचं मधलं टोक ०.४ ते ०.६ मिलिमीटर जाडीचं असतं, पेन्सिलीच्या शिशासारखं. त्याला टेकवून काहीही वाकवायचं नाही, नाण्यासारखा गोल गेजही त्यात घुसवायचा नाही. फक्त बाहेरची पट्टी टूलने हलवायची आणि तारेच्या गेजने मोजायचं. बसवतानाही आधी हाताने फिरवून, मग टॉर्क रेंचने.

तरीही गाडी बिघडली, हे खरं आहे. तुम्ही टाकलेला फोटो मी मोठा करून पाहिला. पोर्सिलीन शाबूत आहे, टोक शाबूत आहे, पट्टी सरळ आहे. पण तिन्ही प्लगवर काळी, कोरडी, काजळासारखी भुकटी आहे. आणि तुम्हीच लिहिलंय की सकाळी गाडी उठत नाही. माझ्या मते खरी खूण ही आहे. बरोबर गॅप असलेला प्लग थंड इंजिनाला उठायला अडवत नाही. काजळी धरलेला प्लग अडवतो, कारण करंट ठिणगी न पाडता त्या कार्बनवरूनच निसटून जातो. चढावर झटके गॅप चुकला तरी येतात आणि काजळी धरली तरी येतात, म्हणून त्या मेकॅनिकचा अंदाज गॅपवर गेला असेल.

काजळी आली प्लगच्या नंबरमुळे. तुम्ही आणलेले प्लग गाडीच्या कंपनीने दिलेल्यापेक्षा दोन नंबर कोल्ड, म्हणजे लवकर गार होणारे, आहेत. एनजीके आणि डेन्सो या कंपन्यांच्या प्लगमध्ये आकडा वाढला की प्लग कोल्ड, बॉशमध्ये नेमकं उलटं. इथे भल्याभल्यांची गल्लत होते. कोल्ड प्लग उष्णता लवकर हेडकडे सोडतो. ट्यूनिंग करून ताकद वाढवलेल्या, सतत दामटलेल्या गाडीला तो हवाच, नाहीतर टोक लालबुंद होऊन ठिणगीआधीच पेट्रोल पेटतं. पण तुमच्या गाडीला ट्यूनिंग नाही, आणि बोलता बोलता तुम्ही सांगितलं होतंत की ती रोज घर ते ठाणे स्टेशन एवढीच धावते, तीही घोडबंदरच्या गर्दीतून. प्लगचं टोक साधारण ५०० अंशांपर्यंत तापलं तरच स्वतःची काजळी जाळतं. एवढ्याशा रखडत्या फेरीत कोल्ड प्लग तिथवर पोचतच नाही.

साहेब, माझी खरी चूक इथे आहे. खोक्यावरचा नंबर मी स्वतः वाचला होता. मनात आलं, गिऱ्हाईक स्वतः शोधून, पैसे खर्चून घेऊन आलंय, कशाला मोडता घाला. गॅप मोजला, नंबरावर गप्प बसलो. मी तेव्हाच 'हे बसवू नका' म्हणायला हवं होतं. तुम्ही रागावला असतात तरी चाललं असतं.

सहाशे रुपये परत घेऊन जा. गाडी आदल्या संध्याकाळी आमच्याकडे आणून ठेवा आणि सकाळी साडेनऊला या, रात्रभर उभी राहून ती गार झालेली असेल, म्हणजे थांबावं लागणार नाही. मॅन्युअलमधल्या नंबरचे प्लग घ्या, आमच्याकडून किंवा कुठूनही, फक्त बिल असलेल्या दुकानातून. नकली इरिडियम बाजारात भरपूर आहेत. बसवायची मजुरी नाही. स्कॅनरवर तुम्हाला पी०३०२ हा कोड आला होता, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. तिथली कॉइल तिसऱ्यावर टाकून पाहू. कोड तिच्यामागे पी०३०३ झाला तर कॉइल गेली, जागेवरच राहिला तर कॉइलचा खर्च वाचला. हे तुमच्यासमोर करू. आणि काढलेले काळे प्लग या वेळी मी स्वतः तुमच्या हातात देईन.