वसाहतीचा मेळावा ठेक्याने देऊ नका

आमच्या रहिवासी मंडळाच्या ग्रुपवर गेले काही दिवस एकच विषय चालू आहे. दरवर्षीचा कौटुंबिक मेळावा यंदा इव्हेंट कंपनीला देऊन टाकावा, असा प्रस्ताव आलाय. मांडव, खुर्च्या, मुलांचे खेळ, सूत्रसंचालन, जेवण, नंतरची झाडलोट, सगळं त्यांनी बघायचं. आपण पैसे भरायचे आणि आवरून यायचं. बऱ्याच जणांनी लगेच होकारही कळवला.

प्रस्ताव मांडणाऱ्यांवर माझा मुळीच राग नाही. इतकी वर्षं तीच चार-सहा माणसं राबतायत. मेळाव्याच्या दिवशी त्यांना स्वतःच्या मुलांचा नाच बघायला मिळत नाही, कारण तेव्हा ती जनरेटरपाशी नाहीतर फाटकापाशी उभी असतात. ती दमली आहेत, आणि त्यात नवल काही नाही. तरीही माझा या प्रस्तावाला ठाम विरोध आहे. का, ते ग्रुपवर दोन ओळींत मावणार नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

मेळावा आपण भरवतो कशासाठी? करमणूक हवी असेल तर ती हल्ली प्रत्येकाच्या खिशात आहे. शेजारीपाजारी एकमेकांना ओळखावेत, अडीअडचणीला दार वाजवताना संकोच वाटू नये, म्हणून हा सगळा खटाटोप. आणि अशी ओळख टाळ्या वाजवताना होत नाही. कधीतरी नीट बघा, प्रेक्षक म्हणून आलेलं कुटुंब आपल्याच मजल्यावरच्या, आधीपासून ओळखीच्या माणसांशेजारी बसतं, मुलांचे फोटो काढतं, जेवतं आणि घरी जातं. वर्षानुवर्षं असं येऊनही पलीकडच्या इमारतीतल्या कुणाचं नाव त्यांना ठाऊक नसतं. दोन अनोळखी माणसांना नुसतं समोरासमोर बसवलं की ती अवघडतात. त्यांच्या हाताला एखादं काम दिलं की बोलायला विषय मिळतो, आणि नाही बोललं तरी चालतं.

गेल्या मेळाव्यात कार्यक्रम आटोपल्यावर खुर्च्या मोजून रचायच्या होत्या. भाड्याच्या खुर्च्या, एकही कमी भरून चालणार नव्हती. एक निवृत्त काका खुर्च्या पुसून देत होते आणि नुकताच राहायला आलेला एक भाडेकरू मुलगा दहा-दहाच्या थप्प्या लावत होता. पहिल्या काही थप्प्या दोघंही गप्प होते. मग काकांनी विचारलं, नोकरी कुठे. मग गाव कोणतं. मग काका मध्येच गुडघा दाबत थांबले, तेव्हा ऑपरेशन ठरल्याचं कळलं, आणि त्याने त्यांना त्यांच्याच पुसलेल्या खुर्चीवर बसवून फडकं आपल्या हातात घेतलं. मोजणी झाल्यावर आकडा काकांनी मंडळाला कळवायचा होता, म्हणून दोघांनी एकमेकांचे नंबर घेतले. पुढे ऑपरेशन झालं, आणि एका रात्री काकांचं दुखणं वाढल्यावर काकूंनी फोन केला तो त्या मुलाला. औषध घेऊन तोच आला. त्यांचा स्वतःचा मुलगा परगावी असतो. ज्या इमारतीत ते इतकी वर्षं राहतात, तिथे रात्री उठवता येईल असं माणूस त्यांना खुर्च्या पुसताना मिळालं. इव्हेंट कंपनीची माणसं असती तर खुर्च्या निम्म्या वेळात रचून झाल्या असत्या, हे मला मान्य आहे.

याला कुणी योगायोग म्हणेल. मला तसं वाटत नाही.

१७ जानेवारी १९९५ ला पहाटे जपानमध्ये कोबे आणि आसपासच्या भागात भीषण भूकंप झाला. ६,४३४ माणसं गेली. ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेल्यांपैकी बहुतेकांना बाहेर काढलं ते घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी. सरकारी पथकं सगळीकडे वेळेत पोचणं शक्यच नव्हतं. भूकंपाच्या केंद्राजवळ, अवाजी बेटावर होकुदान नावाचं गाव होतं. तिथेही घरं धडाधड कोसळली, पण गाडल्या गेलेल्यांचा शोध त्याच दिवशी पूर्ण झाला. गावातल्याच रहिवाशांचं स्वयंसेवी अग्निशमन पथक होतं, आणि कुठल्या घरात कोण राहतं, म्हातारी माणसं कुठल्या खोलीत झोपतात, हे त्यांना माहीत होतं. त्यामुळे नेमकं कुठे खणायचं ते त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही. नंतर वर्षभरात बाहेरून दहा लाखांहून जास्त स्वयंसेवक मदतीला आले, इतके की जपानमध्ये १७ जानेवारी हा आपत्ती निवारण आणि स्वयंसेवक दिन म्हणून पाळला जातो. त्या मदतीचं मोल मोठं आहेच. पण पहिल्या काही तासांत जी माणसं हाताशी होती ती शेजारची होती.

कोण कुठल्या खोलीत झोपतं, ही माहिती मंडळाच्या रजिस्टरमध्ये नसते. एकमेकांकडे जाणं-येणं असलं तरच ती असते. जपानी वस्त्यांमध्ये चोनाइकाइ नावाची मोहल्ला मंडळं असतात. रस्त्याची साफसफाई, आपत्तीचा सराव, मुलांचे खेळ, वृद्धांची चौकशी अशी कामं तिथले रहिवासी आपापसात वाटून घेतात. अलीकडे त्यांनाही सभासद आणि कार्यकर्ते मिळेनासे झालेत, म्हणजे दुखणं आपल्या एकट्याचं नाही.

कोबेच्या भूकंपाच्याच वर्षी, १९९५ च्या जुलैमध्ये, अमेरिकेत शिकागो शहरात उष्णतेची लाट आली आणि नेहमीपेक्षा ७३९ माणसं जास्त दगावली. एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने तिथल्या लागून असलेल्या दोन वस्त्यांचा अभ्यास केला. दोन्ही गरीब, दोन्हीकडे एकटी राहणारी वृद्ध माणसं बरीच. तरी एकीत मृत्यूचं प्रमाण लाखामागे ४० आणि दुसरीत ४. जिथे कमी माणसं दगावली तिथे रस्ते गजबजलेले होते, दुकानं चालू होती, म्हातारी माणसं बाहेर पडत होती. दुसरी वस्ती ओस पडत चालली होती, लोक घाबरून दारं लावून आत बसत होते. हा फरक एखाद्या मंडळाच्या मेळाव्याने पडला असं मी म्हणत नाहीये. पण शेजाराची वीण घट्ट आहे की उसवलेली, यावर माणसाचं जगणं-मरणं अवलंबून असू शकतं, एवढं तरी यातून नक्की दिसतं.

आणि पॅरिसचं उदाहरण तर थेट आपल्याच विषयाचं. तिथल्या सतराव्या प्रभागात एक वृद्ध बाई आपल्या घरात मरण पावल्या आणि कित्येक महिने कुणाला पत्ता लागला नाही. त्याने हादरलेल्या आतानाझ पेरिफाँ नावाच्या स्थानिक नगरसेवकाने १९९९ मध्ये शेजाऱ्यांचा दिवस सुरू केला. आज तो युरोपभर आणि बाहेरही साजरा होतो. मला त्याची रीत फार आवडते. कुणी टेबल खाली अंगणात आणतं, कुणी खुर्च्या, कुणी घरून एखादा पदार्थ. व्यासपीठ नाही, प्रमुख पाहुणे नाहीत, ठेकेदार तर नाहीच. येणारा प्रत्येक जण काहीतरी उचलून आणतो, त्यामुळे तिथे पाहुणा कुणीच उरत नाही.

आता मुख्य आक्षेप. वेळ कुणाला आहे? खरं सांगू का, आपल्याकडे वेळेचा तुटवडा आहेच, पण त्याहून मोठी अडचण आपल्या विचारण्याच्या पद्धतीत आहे. 'इच्छुकांनी आपली नावे कार्यकारिणीकडे द्यावीत' अशी सूचना आपण दोनशे घरांच्या ग्रुपवर टाकतो आणि कुणी नाव दिलं नाही की लोकांना आस्था नाही असं म्हणून मोकळे होतो. दोनशे घरांना उद्देशून केलेली विनंती प्रत्यक्षात कुणालाच केलेली नसते. प्रत्येकाला वाटतं, दुसरा कुणीतरी करेल.

यावर फार जुना प्रयोग आहे. माक्स रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला. १९१३ मध्ये त्याने निष्कर्ष छापले. आठ जण मिळून ओढत होते तेव्हा एकेकाचा जोर, तो एकटा ओढताना असायचा त्याच्या साधारण निम्म्यावर आला होता. पुढे अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की ज्याचं त्याचं काम वेगळं ओळखता येत असेल तर ही ढिलाई बरीचशी नाहीशी होते. म्हणजे लोक मुळात आळशी असतात असं नाही. आपलं काम कोणतं आणि आपण ते नाही केलं तर काय अडेल, हे त्यांना दिसायला हवं.

म्हणून माझं म्हणणं असं की ग्रुपवर आवाहन करणं बंद करा आणि दारात जा. नावानिशी विचारा, आणि ठरावीक कामासाठी विचारा. 'मदत कराल का?' असं विचारलं की माणूस बिचकतो, कारण त्या मदतीला शेवट कुठे आहे ते त्याला कळत नाही. 'शनिवारी चार ते सहा फाटकावर उभं राहून आलेल्यांची नावं लिहून घ्याल का?' याला हो म्हणता येतं, आणि नाहीही म्हणता येतं. नाही म्हणणाऱ्याला पुन्हा टोचायचं नाही. त्याच्या घरी आजारपण असेल, रात्रपाळी असेल, किंवा नुसती इच्छा नसेल. पुढच्या वर्षी परत विचारायचं, तेवढ्याच प्रेमाने.

भाडेकरूंनाही विचारायचं, हे मी मुद्दाम वेगळं लिहितेय. मंडळाच्या सभेला त्यांना बोलावत नाहीत, मताचा अधिकार नाही, म्हणून आपण त्यांना धरतच नाही. पण रात्री औषध आणणारा भाडेकरूच होता.

मुलांच्या बाबतीत तर माझा फार आग्रह आहे. कौटुंबिक मेळावा म्हणजे मुलांसाठी खेळ आणि मोठ्यांसाठी भाषणं, अशी आपण वाटणी करून ठेवलीय. मुलांना खेळ हवेतच, पण त्यांना खरं कामही हवं असतं, आणि ते खोटं काम लगेच ओळखतात. नोंदणीच्या टेबलावर एकदा सातवीतली एक मुलगी बसली होती. एका आजींनी नाव सांगितलं, तिने लिहिलं आणि वही फिरवून त्यांच्यापुढे धरली, 'आजी, बरोबर लिहिलंय ना बघा.' आजींना डोळ्यांनी कमी दिसतं, त्यांनी वही अगदी नाकाशी नेली. मग ती मुलगी उठली, त्यांना पंख्याखाली, पुढच्या रांगेत बसवून आली आणि वहीत त्यांच्या नावापुढे छोटी खूण केली, कुणी विचारलं तर त्या कुठे बसल्यात ते सांगता यावं म्हणून. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. टेबल तिचं होतं, म्हणून तिला सुचलं.

आणि एक गोष्ट कुणाला आवडो न आवडो, बोलायलाच हवी. काम वाटताना माइक, हिशेब आणि पाहुण्यांचं स्वागत पुरुषांकडे, आणि जेवणाची मांडणी, भांडी, मुलांना सांभाळणं बायकांकडे, हे आपल्याकडे आपोआप होतं. आभाराच्या भाषणात मग पहिल्या प्रकारच्या कामांची नावं घेतली जातात आणि दुसऱ्या प्रकारच्या कामांना 'महिला वर्गाचे मोलाचे सहकार्य' एवढ्यात गुंडाळलं जातं. कामं चिठ्ठ्या टाकून वाटा. भांडी घासायला सचिव आले आणि माइकवर आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनी असल्या तर मेळावा बिघडणार नाही. आभार मानायचे तर नाव घेऊन माना, कामासकट.

राहिला प्रश्न दमलेल्या चार-सहा जणांचा. त्यांना मोकळं करायलाच हवं, पण त्यासाठी त्यांच्याजवळचं सगळं आधी बाहेर यायला हवं. मांडववाला कोण, वीजजोडणीची परवानगी कुठे मागायची, सामानाच्या खोलीची किल्ली कुणाकडे, पाऊस आला तर काय, हे सगळं त्यांच्या डोक्यात आहे आणि कुठेही लिहिलेलं नाही. त्यामुळे ते सोडू शकत नाहीत आणि नवा माणूस शिरू शकत नाही. एक साधी वही करा. प्रत्येक कामाला दोन माणसं ठेवा, एक माहीतगार आणि एक नवं, आणि पुढच्या वर्षी त्या नव्या माणसाकडे ते काम सोपवा. एकच काम एकाच माणसाकडे वर्षानुवर्षं राहिलं की ते त्याची जहागीर होतं किंवा त्याची शिक्षा होते.

सगळंच आपण करायला हवं असा माझा हट्ट नाही. वीज, जनरेटर, उंचावर चढून करायची कामं, यांना जाणकार माणूसच हवा, त्याचे पैसे मोजून द्यावेत. हिशेब मात्र आठवड्याच्या आत पावत्यांसकट सगळ्यांसमोर ठेवावा. पैशांबद्दल शंका राहिली की पुढच्या वर्षी दार उघडत नाही. आणि कार्यक्रम छोटा करा. पाचऐवजी दोन तास, भाषणं नाहीत, बाहेरचे कलाकार नाहीत. वाचलेल्या वेळात आणि पैशात सगळ्यांना मिळून आवरता येईल, आणि ते आवरणंही कार्यक्रमपत्रिकेत छापा.

येत्या सभेत मी हा पर्याय लेखी मांडणार आहे. कामांची यादी केलीय, एकेक काम दोन तासांच्या वर नाही. लहान मुलांच्या खेळांचं काम मी स्वतः घेतेय, त्यात माझ्याबरोबर शिकाऊ म्हणून कुणीतरी हवं आहे. शिवाय घरोघरी जाऊन विचारायचं कामही मी करेन, पण एकटीने दोनशे घरं होणार नाहीत. प्रत्येक इमारतीतून एक जण माझ्याबरोबर आला तर आठवडाभरात होईल. ज्या घरांशी आजवर मंडळाचं कुणीच बोललेलं नाही, ती घरं आधी घेऊ. तुमच्या मजल्यावर असं घर असेल तर मला मेसेज करा, आणि संध्याकाळी साधारण किती वाजता ते घरी असतात तेही कळवा.