आजार असावा तर ऑफिसला मानवेल असा

दीर्घकाळचा आजार सांभाळत नोकरी करायची असेल तर आधी आजार नीट निवडा. हात मोडणं उत्तम. प्लास्टर लांबून दिसतं, दीड महिन्यात निघतं, आणि तेवढे दिवस येणारा-जाणारा "काय व्हयनं भो?" म्हणून विचारून जातो. हार्ट अटॅकही चालतो. त्याला वजन आहे. साहेब स्वतः नाशिकच्या दवाखान्यात भेटायला जातात, सरकारी गाडीने, येताना सप्तशृंगी करून. पण सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशींचा जन्मजात आजार, घेऊन आलात तर तुमच्याइतका अडचणीचा माणूस नाही. सोमवारी तुम्ही जिना चढून येता, चहा पिता, हसता. गुरुवारी पाठ आणि मांड्या अशा ठणकतात की कूस बदलता येत नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा हसत हजर. असल्या माणसाचं ऑफिसने काय करायचं?

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडचे वाचक म्हणतील, आम्ही कुठे निवडला, आईबापांकडून आला. बरोबर आहे. दोघंही वाहक असले तर प्रत्येक मुलाला चारात एक धोका. पण हे ऑफिसात बोलू नका. बोललात की शेजारच्या टेबलावरचे आप्पा म्हणतील, "माले बी शे ना भो, माले ते काहीच व्हत नही." वाहक वेगळा, रुग्ण वेगळा, वाहकाला सहसा त्रास नसतो, रुग्णाच्या तांबड्या पेशी १२० दिवसांऐवजी दहा-वीस दिवसांतच संपतात. एवढं समजावण्यात तुमची दुपार जाईल आणि आप्पा शेवटी खांद्यावर हात ठेवून सांगतील की तू जास्त विचार करतोस.

आता सोय मागण्याकडे वळू. तुम्हाला हवं काय, तर तळमजल्यावर टेबल, हाताशी पाणी, पाठीला टेकू देणारी खुर्ची आणि लागेल तेव्हा लघवीला जायची मुभा. डॉक्टरांनी बजावलेलं असतं की अंगातलं पाणी कमी झालं की पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि कळ सुरू होते. शिवाय या आजारात मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवणं जमत नाही, म्हणून प्यायचं जास्त आणि जायचंही जास्त वेळा. त्यात आपला खानदेश. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. कूलर एकच, त्याचं तोंड साहेबांच्या केबिनकडे. पाण्याचा जार खालच्या मजल्यावर, टेबल वरच्या. वरच्या मजल्यावर स्वच्छतागृह आहे, नाही कशाला म्हणू, पण त्याला कुलूप आहे. किल्ली शिपायाकडे, आणि शिपाई आखाजीच्या आधी साहेबांच्या घरी आंब्याची पेटी पोचवायला गेलाय.

यावर माझा अनुभवसिद्ध सल्ला असा: पाणीच पिऊ नका. हसू नका, आपल्या तालुक्याच्या ऑफिसांतल्या कितीतरी बायका वर्षानुवर्षं हेच करत आल्या आहेत. घरून निघताना घोटभर, घरी पोचल्यावर तांब्याभर. त्यांना कोणी आजारी म्हणत नाही, उलट 'किती चिवट' म्हणतात. तुम्हाला मात्र संध्याकाळी ॲडमिट व्हावं लागेल. व्हा. ॲडमिट झालेल्या माणसाचा अर्ज जरा लवकर हलतो.

अर्ज लिहिताना 'मला खुर्ची हवी आहे' असं बिलकूल लिहू नका. तो उद्धटपणा झाला. 'उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की' इथून सुरुवात करा आणि खुर्ची तिसऱ्या परिच्छेदात, जमल्यास कंसात आणा. आवक क्रमांक घ्या, नाहीतर अर्ज दिलाच नव्हता असं ठरेल. मग तो आस्थापना शाखेकडे जाईल, ती लेखा शाखेचा अभिप्राय मागवेल, लेखा शाखा विचारेल की सदर खुर्ची कोणत्या लेखाशीर्षाखाली, आणि भांडार कळवेल की वापरण्याजोगी खुर्ची शिल्लक नाही. हे खरंच असतं. व्हरांड्यात एकावर एक रचलेल्या ज्या खुर्च्या रोज दिसतात त्या निर्लेखनाच्या, म्हणजे भंगारात काढण्याच्या, प्रतीक्षेत आहेत. त्यांतल्या दोन धड आहेत. पण धड खुर्ची काढली तर प्रस्ताव बिघडतो. शेवटी अर्ज तुमच्याकडेच परत येईल, समासात शेरा घेऊन: 'आजाराचा व खुर्चीचा संबंध स्पष्ट करावा.'

तुम्ही उत्साही असाल तर इथे कायद्याचं नाव काढाल. काढू नका, पण माहीत असू द्या, कारण माहीत असलं की झोप लागत नाही आणि तेवढा वेळ दुसरा अर्ज लिहिता येतो. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात ते २१ झाले आणि त्यात रक्ताचे तीन आजार आले: हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि आपला सिकलसेल. मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन्सही आले. कायदा असंही म्हणतो की माणसाला त्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय नाकारणं हाच भेदभाव. सरकारी आस्थापनेने ती द्यायचीच आहे. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही, पदावनत करता येत नाही. जुनं काम झेपत नसेल तर त्याच पगारावर दुसरं द्यायचं. एकच पळवाट ठेवली आहे: सोय देताना मालकावर अवाजवी भार पडू नये. मघाच्या खुर्चीचा भार किती ते तुम्हीच ठरवा. मागच्या निरोप समारंभाच्या मंडपाचं बिल बघून ठरवलंत तर गणित सोपं जाईल.

तर हे सगळं साहेबांना सांगू नका. ऑफिसात कलमं सांगणारा माणूस आजारी राहत नाही, तो 'कायदेवाला' होतो, आणि कायदेवाल्याच्या हजेरीपटावर लाल शाईची नजर असते. तरी राहवत नसेल तर एक गंमत म्हणून कलम २३ विचारून बघा. प्रत्येक सरकारी आस्थापनेत एक तक्रार निवारण अधिकारी असायचा असतो. त्याने तक्रारींची नोंदवही ठेवायची आणि नोंद झाल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी करायची. आपल्याकडे हा अधिकारी कोण, असं विचारा. सगळे छताकडे बघतील. जुन्या फायलीत आदेश सापडलाच तर कळेल की ज्यांनी तुमच्या अर्जावर 'नस्तीबंद', म्हणजे फाइल बंद, असं लिहिलं तेच. त्यांनाही ते तेव्हाच कळेल. "मी? कधीपासून?" म्हणतील आणि इतके खूश होतील की चहा मागवतील.

अपंगत्वाच्या टक्क्यांचं वेगळंच. प्रमाणपत्रासाठी वैद्यकीय बोर्डापुढे उभं राहायचं ते शक्यतो ठणक लागलेल्या दिवशी. पण ठणक लागलेल्या दिवशी नंदुरबारच्या गाडीत चढता येत नाही, आणि गाडीत चढू शकलात म्हणजे तुम्ही बरे आहात, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. टक्के चाळीसच्या खाली आले तर आस्थापनावाले फाइल मिटतील: "चाळीस नाहीत, सोय नाही." २०२१ साली विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमकं याच्या उलट सांगितलंय. लिहिताना हाताला पेटका येणाऱ्या उमेदवाराला लेखनिक नाकारला होता, आणि न्यायालय म्हणालं की वाजवी सोयीला चाळीस टक्क्यांची अट लावता येत नाही. हे छापून नेलंत तर आस्थापनावाले कौतुकाने वाचतील आणि विचारतील, "याचं मराठी भाषांतर साक्षांकित आहे का?"

टक्के चाळीसच्या वर आले तरी सुटका नाही. मग कोणीतरी मागून म्हणेल, कोट्यातून आलाय. सरकारी नोकरीतल्या दिव्यांगांच्या चार टक्के आरक्षणात रक्ताचे आजार धरलेलेच नाहीत. म्हणजे जागा मिळत नाही, टोमणा मात्र पूर्ण मिळतो. निदान एक तरी गोष्ट अर्ज न करता मिळाली म्हणून समाधान माना.

ज्यांचा आजार २१ च्या यादीत नावानिशी नाही, मधुमेह, संधिवात, आतड्याचे आजार वगैरे, त्यांना सल्ला देण्यात मी वेळ घालवत नाही. त्यांना डब्याची वेळ अर्धा तास अलीकडे मागायची असते आणि ती साहेबांच्या मूडवर असते. जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या मशीनवर कंत्राटदाराकडून लागलेल्यांना तर मी सल्ला देणंच पाप. समान संधीचं धोरण जाहीर करायचं कलम खासगी कारखान्यालाही लागू आहे म्हणावं, तर तिथला कामगार विचारतो, उद्याची पाळी जाईल का?

दिसण्याकडे लक्ष द्या. आजारी माणसाने आजारी दिसावं ही साधी शिस्त आहे. दाढी वाढवा. नवा शर्ट घालू नका. शेवभाजी तिखट मागवू नका, मागवलीत तर कोपऱ्यात तोंड करून खा. श्रावणात कानबाईच्या मिरवणुकीत जायचं असेल तर मागे राहा, टाळी वाजवू नका. तुमचा टाळी वाजवतानाचा व्हिडिओ ऑफिसच्या ग्रुपवर पडला की पुढच्या कळीच्या वेळी कोणीतरी तो पुन्हा टाकेल, खाली दोन हसरे चेहरे. बरं वाटणाऱ्या दिवशी बरं वाटणं हा आजारी नोकरदाराचा सगळ्यात मोठा गुन्हा आहे, आणि तो तुमच्याकडून महिन्यातून बरेच दिवस घडतो.

उपाय मात्र भरपूर मिळतील. तुम्ही खुर्ची मागा, तुम्हाला बीट मिळेल. खजूर, गूळ-शेंगदाणे, लोखंडी कढईतली भाजी, कुणाच्या मेव्हण्याला गुण आलेला काढा. रक्त कमी म्हणजे लोह कमी, असं अख्ख्या ऑफिसचं एकमत असतं. सिकलसेलमध्ये रक्त कमी होतं ते पेशी लवकर मोडतात म्हणून. वारंवार रक्त चढवावं लागणाऱ्याच्या अंगात तर लोह उलट साठत जातं आणि तेच पुढे त्रास देतं. तेव्हा बीट घ्या, धन्यवाद म्हणा, घरी कोशिंबीर करा. माणसं मनापासून देतात. माझा राग त्यांच्यावर नाही. दहा रुपयांचं बीट स्वतःच्या खिशातून आणणारा माणूस पंखा तुमच्याकडे वळवायला का उठत नाही, एवढंच मला अजून सुटलेलं नाही.

साहेबांची दया जास्त सांभाळून घ्या. ती आदेशाच्या रूपात येते. तळमजल्यावरचं टेबल तीन वर्षं मिळत नाही, पण "यांना उन्हाचा त्रास होतो" हे वाक्य वर पोचलं की पंधरा दिवसांत हवापालट म्हणून तोरणमाळकडची बदली निघते. सातपुड्याच्या डोक्यावर, हवा एकदम मस्त. पौष महिन्यात तिथली थंडी हाडांत शिरते, आणि थंडी हे कळ उठायचं जुनं निमित्त. जवळचं मोठं रुग्णालय घाट उतरल्यावर. आदेशात 'विनंतीवरून' असं लिहिलेलं असेल, म्हणजे बदली भत्ता नाही.

रजेचं थोडक्यात. कळ शक्यतो शनिवारी दुपारनंतर उठवा आणि रविवारी रात्री मिटवा. मार्चअखेर टाळा, अधिवेशन टाळा, गारपिटीनंतर केळीचे पंचनामे चालू असतील तर अजिबात नको. परिवर्तित रजेवरून, म्हणजे आजारपणाच्या रजेवरून, हजर होताना फिटनेस सर्टिफिकेट लागेल. त्यावर 'आजार पूर्ण बरा झाला' असं डॉक्टरांनी लिहून द्यावं अशी लिपिकाची इच्छा असते. जन्माबरोबर आलेला आजार सहा दिवसांत पूर्ण बरा झाल्याचं लिहून देणारा डॉक्टर सापडला तर मलाही कळवा, माझीही दोन कामं आहेत.

धीर सोडू नका. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलला सुरू झालंय आणि त्याचं उद्दिष्ट २०४७ चं आहे. खुर्चीच्या अर्जालाही तेवढीच मुदत धरून चाला.

तोवर दरवर्षी १९ जून येतो, जागतिक सिकलसेल दिन. त्या दिवशी तुमची किंमत कळते. वरच्या मजल्यावरच्या सभागृहात कार्यक्रम असतो, मागे फ्लेक्स, फ्लेक्सवर पाहुण्यांचे आठ फोटो आणि कोपऱ्यात एक वाकडी पेशी. 'आजारावर मात' या विषयावर मनोगत द्यायला ऑफिसातून दुसरं कोणी नसतं, म्हणून तुम्हाला बोलावतात. जा. मनोगतात खुर्चीचा विषय काढू नका, शाल-श्रीफळ घ्या, फोटोत हसा. व्यासपीठावर गादीची खुर्ची मिळते, टेकू चांगला असतो, भाषणं लांबली तर तासभर बसता येतं. पाण्याच्या बाटल्या पाहुण्यांसाठी मोजून आणलेल्या असतात, पण त्या दिवशी पाहुणे तुम्हीही असता. दोन उचला. एक तिथेच प्या, दुसरी शालीत गुंडाळा. आणि प्रमुख पाहुणे मुंबईचे असल्यामुळे वरच्या स्वच्छतागृहाचं कुलूप सकाळपासून काढलेलं असतं, तेव्हा आभारप्रदर्शन सुरू व्हायच्या आत तेवढं उरकून घ्या.