‘कार्ड काढा आणि निश्चिंत व्हा’ म्हणणाऱ्यांना

सोसायट्यांच्या आणि नातेवाईकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. “ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व असलेल्या मुलाचं यूडीआयडी कार्ड काढा. लोकल फुकट, टॅक्सचे सव्वा लाख परत, उपचार फुकट, आईवडील कायमचे पालक. तरी काहीजण संघटना काढून रडत बसतात.” यूडीआयडी म्हणजे सरकारचं दिव्यांगत्वाचं ओळखपत्र. पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. पण ज्या घरात असं मूल आहे, तिथे लगेच मामा-काकांचे फोन सुरू होतात: “अजून काढलं नाहीस?” म्हणून एकेक मुद्दा घेते.

लोकल फुकट नाही. सोबतीशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या बौद्धिक दिव्यांग व्यक्तीला आणि तिच्या सोबत्याला पासात ५० टक्के सवलत आहे, आणि या सवलतीची कागदपत्रं रेल्वेकडे वेगळी करावी लागतात. शिवाय दिव्यांगांच्या डब्यात “हा तर धडधाकट दिसतोय, इथे कशाला चढवला?” हे ऐकून घ्यायचं. कुबडी दिसते, ऑटिझम दिसत नाही.

टॅक्स परतबिरत काही मिळत नाही. करपात्र उत्पन्नातून वजावट मिळते: दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर ७५ हजारांची, ८० टक्क्यांपासून पुढे सव्वा लाखाची. तीही जुनी करप्रणाली घेतली तरच. चार घरची धुणीभांडी करून मुलाला वाढवणाऱ्या बाईला यातला रुपयाही नाही.

उपचारांसाठी ‘निरामय’ हा सरकारी आरोग्य विमा आहे आणि तो चांगला आहे. वर्षाला १ लाखापर्यंत, आधीपासूनचा आजार म्हणून नकार नाही, थेरपीही बसते. पण त्याची नोंदणी वेगळी, दरवर्षी नूतनीकरण, आणि बहुतेक वेळा पैसे आधी आपण भरायचे, मग पावत्या लावून मागायचे. थेरपीला ठरावीक मर्यादा असते, ती मुंबईतल्या थेरपीच्या फीपुढे लवकर संपते.

खरा घात ‘कायमचे पालक’ या दोन शब्दांत आहे. मूल १८ वर्षांचं झालं की कायद्याने ते सज्ञान, आणि आईवडिलांचं नैसर्गिक पालकत्व तिथेच संपतं. माझ्या ओळखीची एक आई मुलाचं तो अल्पवयीन असताना उघडलेलं खातं चालू ठेवायला बँकेत गेली. क्लार्कने फॉर्म पुढे सरकवला, “त्याची सही घ्या.” मुलाने पेन धरलं आणि रकान्यात एक गोल काढला. मग त्या गोलाच्या आत आणखी एक गोल. मागची रांग बघत होती. आईने कार्ड दाखवलं. कार्डावर टक्के होते, तिला त्याच्या वतीने सही करता येईल असं कुठेच नव्हतं.

तो अधिकार अशाच मुलांसाठी केलेल्या १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालची स्थानिक समिती देते. अध्यक्ष जिल्हाधिकारी. मुंबई उपनगरातल्यांनी वांद्रे पूर्वेच्या कचेरीत जायचं, शहरातल्यांनी फोर्टला. नेमणूक झाल्यावर सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी द्यायची, पुढे दरवर्षी हिशेब. मुलाच्या नावावर फ्लॅट करून सुटलो म्हणणाऱ्यांनी हे आधी वाचावं; आपल्या माघारी तो फ्लॅट विकायची वेळ आली तर सही कोण करणार? आणि प्रत्येकाला असा पालक लागतोच असंही नाही. समजावून सांगितलं, वेळ दिला तर पुष्कळजण स्वतःचं स्वतः ठरवतात. एवढा आधार देऊनही कायदेशीर निर्णय ज्यांना घेता येत नाहीत, त्यांच्यासाठी २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्वाची सोय आहे. त्यात निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा असतो.

राहिलं संघटनांचं रडगाणं. शिवडीची जय वकील शाळा १९४४ साली एका पारशी जोडप्याने डाउन सिंड्रोम असलेल्या लेकीसाठी सुरू केली. १९७२ साली मिठू अलूर यांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या आपल्या मुलीच्या निमित्ताने मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी उभी केली. पुढे ‘आमच्यानंतर कोण?’ असं विचारत पालक सरकारच्या मागे लागले, त्यातून १९९९चा कायदा आला. त्यातल्या समितीत जिल्हाधिकाऱ्यांच्या शेजारी दोन खुर्च्या आहेत: एक दिव्यांग व्यक्तीची, दुसरी अशाच एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या प्रतिनिधीची. पालकत्वाच्या अर्जावर तिथे निर्णय होतो.