फुटनोट आहे ना, मग खरंच असणार!

काल पुस्तकं आवरताना मायकेल क्रायटनचं 'स्टेट ऑफ फिअर' हाती लागलं आणि आवरणं तिथंच राहिलं. २००४ ची कादंबरी. ग्लोबल वॉर्मिंगची भीती लोकांच्या मनात बसावी म्हणून काही पर्यावरणवादी अतिरेकी स्वतःच आपत्त्या घडवून आणायला निघतात आणि एमआयटीचा केनर नावाचा प्रोफेसर त्यांच्या मागे लागतो. थ्रिलर म्हणून मला तेव्हा भयंकर आवडली होती, दोन रात्रींत संपवली होती, आणि खोटं कशाला बोलू, वाचून झाल्यावर वर्षभर तरी मी चारचौघांत 'अरे ते वॉर्मिंग वगैरे एवढं काही नसतं' असं शहाणपण शिकवत फिरलो होतो.

कारण काय, तर फुटनोट! कादंबरीत ग्राफ, पानाच्या तळाशी खऱ्या जर्नल्सची नावं, शेवटी भली मोठी संदर्भसूची, आणि सुरुवातीलाच लिहिलेलं की गोष्ट काल्पनिक आहे पण फुटनोट खऱ्या आहेत. संपलं! त्यातली एक तरी उघडून बघितली का मी? नाही. आणि ज्यांच्याशी या पुस्तकावर वाद झालेत त्यांच्यापैकीही कोणी बघितलेली नाही. पुस्तक आवडलेल्यांची तर एक गंमतच आहे, कौतुक करताना म्हणणार 'किती रिसर्च केलाय बघ', आणि चूक दाखवली की लगेच 'अरे कादंबरीच तर आहे, एवढं काय मनावर घेतोस!' म्हणजे चित भी मेरी पट भी मेरी.

फुटनोट खऱ्या आहेत हो, पण त्यातून काय उचललं आणि काय सोडलं ते बघा. पुस्तकात येतं की नासाचा हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन याचं तापमानवाढीचं १९८८ चं भाकीत ३०० टक्के चुकलं. आता हॅन्सनने अंदाज तीन दिले होते, ए, बी आणि सी, आणि त्यातला बी सगळ्यात शक्य वाटतो असं त्याने स्वतःच सांगितलं होतं. पुस्तकाने घेतला ए, सगळ्यात जास्त वाढ सांगणारा. प्रत्यक्षातलं तापमान बी आणि सी च्या आसपासच राहिलं, ते कुठे आहे? दुसरं अंटार्क्टिकाचं. पीटर डोरानच्या टीमचा २००२ चा पेपर, काही भाग थंड होतोय असं सांगणारा, तो केनर ऐटीत समोरच्याच्या तोंडावर मारतो. पण त्याच डोरानने २००६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून सांगितलं की माझ्या कामाचा गैरवापर झालाय, वॉर्मिंग नाकारणाऱ्यांच्या यादीतून माझं नाव काढा.

आणि वाद जिंकायची पद्धत तर काय सांगावी. केनर बोलला की समोरच्याची बोलतीच बंद, कारण समोरचे सगळे येडे करून ठेवलेत, वकील इव्हान्सला काहीच माहीत नसतं, पर्यावरणाचे गोडवे गाणारा नट टेड ब्रॅडली तर नरभक्षकांच्या पोटात जातो. (तो सीन वाचून मी हसलो होतो, ते सोडा.)

हे सगळं वाचकांच्या गप्पांपुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. पण २००५ मध्ये अमेरिकन सिनेटच्या पर्यावरण समितीने या कादंबरीकाराला साक्षीला बोलावलं आणि २००६ मध्ये तिथल्या पेट्रोलियम जिओलॉजिस्टांच्या संघटनेने त्याला चक्क पत्रकारितेचा पुरस्कार दिला. कादंबरीला, पत्रकारितेचा!

दुसऱ्या बाजूचेही काही कमी नाहीत म्हणा. 'तेल कंपन्यांचा माणूस' म्हणून पुस्तक न वाचताच फेकणारे मला तितकेच कंटाळवाणे वाटतात. शेवटच्या टिपणात क्रायटन सरळ म्हणतो की हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतोय आणि त्याला बहुतेक माणूसच कारण आहे, पुढच्या शतकात तापमान किती वाढेल याचा आकडाही देतो, ०.८१२४३६ अंश. सहा दशांश स्थळं, भाकितं करणाऱ्यांची टर उडवायला. हे पान ना त्याच्या भक्तांना आठवत ना शत्रूंना.

बाकी काल ते ३०० टक्केवालं पान उघडलं तर समासात माझ्याच अक्षरात पेन्सिलने लिहिलेलं, 'जबरदस्त!!' खोडरबर शोधला, सापडलाही, मग म्हटलं राहू दे.