खुलासा : म्युलर यांनी रशियाला ‘क्लीन चिट’ दिलेली नाही

‘२०१६च्या अमेरिकी निवडणुकीतला रशियाचा हस्तक्षेप ही निव्वळ थाप होती, म्युलर यांनीच तसं सांगितलं’ असा मेसेज पुन्हा फिरतोय. तो चुकीचा आहे.

या हस्तक्षेपाची चौकशी करायला नेमलेले विशेष वकील रॉबर्ट म्युलर यांचा अहवाल एप्रिल २०१९मध्ये प्रसिद्ध झाला. ट्रम्प यांच्या प्रचारयंत्रणेने रशियाशी संगनमत केल्याचं सिद्ध झालं नाही, एवढं त्यात खरोखरच आहे. पण रशियाने व्यापक आणि पद्धतशीर हस्तक्षेप केला, हेही त्याच अहवालात स्वच्छ लिहिलंय. पुढे सिनेटच्या गुप्तचर समितीनेही त्याला दुजोरा दिला, आणि तिथे बहुमत ट्रम्प यांच्याच रिपब्लिकन पक्षाचं होतं.

हा हस्तक्षेप कसा होता, ते टेक्सासमधल्या ह्यूस्टनचंच बघा. २१ मे २०१६. इस्लामिक केंद्रासमोर रस्त्याच्या एका बाजूला ‘टेक्सासचं इस्लामीकरण थांबवा’ म्हणणारे, दुसऱ्या बाजूला त्यांना विरोध करणारे. दोन्ही गटांना बोलावणारी फेसबुक पेजेस रशियातल्या सेंट पीटर्सबर्गमधल्या एकाच कंपनीची होती! जाहिरातींचा खर्च सुमारे २०० डॉलर. एकमेकांवर ओरडणाऱ्या त्या माणसांना आपल्याला कुणी बोलावलंय याचा पत्ताच नव्हता. हे वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं.

उलट्या बाजूच्या दाव्यालाही आधार नाही : रशियाने मतदान यंत्रांतली मतं बदलल्याचा पुरावा सिनेट समितीला मिळाला नाही.

मूळ मेसेज ज्यांनी पुढे पाठवला, त्यांनी हा खुलासाही त्याच ग्रुपवर टाकावा, ही कळकळीची विनंती.