चार कॅमेरे लावले, आता चोराची काय बिशाद?

दुकानदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर सारखा फिरतोय. सार एवढंच: चार कॅमेरे लावा, शटरला महागडं कुलूप घाला, विमा काढा, रात्री एका कामगाराला आत झोपवून बाहेरून कुलूप लावा आणि निर्धास्त घरी जा. चोराला किती वेळ लागेल आणि तेवढ्या वेळात धावून कोण येईल, हा प्रश्न मात्र त्यात कुठेच नाही.

कुलपाचं आधी उरकतो. बातम्यांत बहुतेक वेळा ‘शटर उचकटून’ असं छापून येतं, ‘कुलूप उघडून’ असं क्वचितच. दोन्ही कडांना कुलपं आणि मध्ये काहीच नाही, अशा रुंद शटरची खालची पट्टी मधोमध पहार घालून वाकवता येते. माणूस सरपटत जाईल एवढी फट पुरते. त्यामुळे भारी कुलपाआधी जमिनीत पक्कं बसवलेलं मधलं कुलूप आणि शटरच्या आत सरकती लोखंडी जाळी. आणि मागची खिडकी, संडासाचा झरोका, पत्र्याचं छप्पर? पुढून लोखंड नि मागून पत्रा अशी दुकानं आपल्याकडे पैशाला पासरी आहेत.

कॅमेऱ्याने चोरी थांबते, हा सगळ्यात लाडका दावा. तोंडाला रुमाल बांधून आलेल्याला कॅमेऱ्याचं काय भय? त्यातून डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारा डबा, गल्ल्याखालीच असेल तर जाताना तो तोही काखोटीला मारून नेतो. डीव्हीआर पोटमाळ्यावर लोखंडी पेटीत ठेवा, लाइट घालवली तरी चालू राहील असा यूपीएस द्या, आणि निदान दारावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण दुकानाबाहेर, इंटरनेटवर साठू द्या. कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या संगणकी व्हायरसने जगभरचे लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर असल्याच पासवर्डांमुळे ताब्यात घेतले होते.

शिवाय चित्रण टिकतं किती? एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट साठवत असेल तर दिवसाला सुमारे २१.६ जीबी होतात, चारांचे ८६. म्हणजे एक टीबीची डिस्क अकरा-बारा दिवसांत भरते आणि जुनं पुसायला लागते. महिनाअखेरी माल कमी भरला तर बघायला काहीच उरलेलं नसतं. कोर्टाचा मुद्दा वेगळाच. जालन्याच्या निवडणूक वादात (खोतकर विरुद्ध गोरंट्याल) सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं की मूळ यंत्र हजर केलं नाही तर चित्रणाच्या प्रतीसोबत कायद्याने ठरवलेलं प्रमाणपत्र लागतंच. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम ६३ मध्ये आहे. स्क्रीनसमोर मोबाइल धरून काढलेली क्लिप ग्रुपवर टाकायला ठीक.

विमा जरूर काढा, पण पॉलिसी वाचून. घरफोडीच्या विम्यात बळजबरीने आत शिरल्याची खूण लागते. २००४ मध्ये हरचंद राय चंदनलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हीच अट धरून, बळाचा वापर नसलेली चोरी अशा पॉलिसीत बसत नाही, असं सांगितलं. नोकरानेच माल लांबवला तर साधारणपणे ही पॉलिसी हात वर करते.

आता त्या कामगाराचं. इथे माझा तोल जातो, कारण ही सूचना नुसती कुचकामी नाही, जीवघेणी आहे. ३० डिसेंबर २०१६ च्या पहाटे पुण्यात कोंढव्याच्या एका बेकरीला आग लागली. आत झोपलेले सहा कामगार गेले. दाराला बाहेरून कुलूप होतं. ९ मे २०१९ ला पुण्याजवळच्या उरुळी देवाचीत साड्यांच्या दुकानात पुन्हा तेच, पाच कामगार. हे सगळं कशासाठी, तर चोर येऊ नये म्हणून! आणि पहार घेतलेले चौघे आलेच, तर त्या झोपेतल्या पोराने नेमकं काय करायचं? शटर हलताच बोंबलणारा सायरन शेजाऱ्यांना उठवतो, मालकाच्या फोनवरही इशारा येतो, आणि पगारी पोराचा जीव टांगणीला लागत नाही. तरीही कुणी आत झोपणारच असेल, तर दाराची कडी आतून, किल्लीशिवाय उघडली पाहिजे, सिलिंडर आणि चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या त्याच्या वाटेत नकोत, आणि लाइट गेल्यावर मोटरचं शटर हाताने कसं उचलायचं, हे त्याच्याकडून एकदा करवून घेतलेलं असलं पाहिजे.